‘पेक्षा मोठे’, ‘पेक्षा लहान’: ही चिन्हं वाचायची कशी?

एसटीतला ज्येष्ठांचा नियम आपण तोंडी असा सांगतो: पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं तिकीट, पंचाहत्तरच्या पुढे मोफत. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर कुणालाही विचारा, हेच ऐकायला मिळेल. आता ज्या आजोबांना कालच पंचाहत्तर पूर्ण झाली, त्यांनी अर्धं काढायचं की काढायचंच नाही? बोलण्यातला नियम इथे मोघम राहतो. तोच नियम गणिताच्या चिन्हांत लिहायला घेतला की मोघम राहताच येत नाही. वयाला ‘व’ म्हणू. मग अर्ध्या तिकिटासाठी एकतर ६५ ≤ व < ७५ लिहावं लागतं, नाहीतर ६५ ≤ व ≤ ७५. दोन्हींत फरक एका आडव्या रेघेचा, आणि आजोबांना किती पैसे मोजावे लागतील ते त्या रेघेवर ठरतं.

लहान-मोठेपणाची ही चिन्हं मुलं प्राथमिक शाळेतच शिकतात. त्यामुळे तो विषय तिथेच संपला असं घरात सगळ्यांना वाटतं. पुढच्या इयत्तांत अक्षरं आली, ऋण संख्या आल्या, की ‘एवढं सोपं कसं चुकतं’ म्हणून बोलणी बसतात. माझं स्पष्ट मत आहे की चूक मुलांची नसते. आपण त्यांना चिन्ह चित्र म्हणून दाखवतो आणि वाक्य म्हणून वाचायला शिकवायचं राहून जातं.

चित्र म्हणजे ती प्रसिद्ध मगर. मगर भुकेली असते, तिचा जबडा मोठ्या संख्येकडे उघडतो. पहिल्या आठवड्यापुरती ही युक्ती चांगलीच आहे. ७ आणि ४ यांच्यामध्ये चिन्ह बरोबर बसतं. पण मुलाला ‘७ > ४’ मोठ्याने वाच म्हटलं तर तो गप्प होतो, कारण मगरीचा उच्चार कसा करणार? आणि पुढे ‘क्ष > ४’ आलं की मगर निरुपयोगीच होते. क्ष किती आहे ते माहीतच नाही, मग तिने तोंड कुणाकडे करायचं? तिथे चिन्ह आपल्यालाच काहीतरी सांगत असतं, आणि ते ऐकायचं तर वाचता यायला हवं.

वाचायची रीत एकच. डावीकडून सुरुवात करा आणि डावीकडच्या संख्येबद्दल बोला. ७ > ४ म्हणजे ‘सात हे चारपेक्षा मोठे’. ४ < ७ म्हणजे ‘चार हे सातपेक्षा लहान’. चिन्हाचा रुंद भाग मोठ्या संख्येकडे आणि टोक लहान संख्येकडे, एवढं लक्षात असलं की पुरे. दोन्ही वाक्यं एकच गोष्ट सांगतात, फक्त कर्ता बदलतो. म्हणून चिन्ह उलटवलं तर बाजूंचीही अदलाबदल करायची.

आता एक अडचण जी मराठी माध्यमाच्या मुलांना हमखास येते आणि जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आपण घरात ‘सात हे चारपेक्षा मोठे’ असं बोलतच नाही. आपण म्हणतो, ‘चारपेक्षा सात मोठे.’ वाक्यात चार आधी येतो. मूल ऐकल्या क्रमाने लिहीत जातं: आधी चार, मग ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह, मग सात. वहीत उमटतं ४ > ७. त्याला सगळं समजलेलं असतं, वाक्य खरं असतं आणि उत्तर मात्र चूक असतं. यावर उपाय सोपा आहे. लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: मोठं कोण? ज्याच्याबद्दल ‘मोठं’ म्हटलंय ते आधी लिहायचं आणि ज्याला ‘पेक्षा’ लागलंय ते नंतर.

याच घरातली दुसरी गफलत आणखी महाग पडते. ‘पाचपेक्षा मोठी संख्या’ आणि ‘क्षपेक्षा पाचने मोठी संख्या’ ही दोन वाक्यं कानाला सारखीच लागतात. पहिलं वाक्य अट सांगतं: क्ष > ५. अशा संख्या असंख्य आहेत. दुसरं वाक्य बेरीज सांगतं: क्ष + ५. ती एकच ठरलेली संख्या आहे. सगळा फरक त्या छोट्याशा ‘ने’मध्ये आहे. शाब्दिक उदाहरण सोडवताना मुलांना ‘ने’खाली पेन्सिलने रेघ मारायला लावा. कितीतरी गुण निव्वळ तेवढ्याने वाचतात.

लहान कोण आणि मोठं कोण, हे ठरवायला संख्यारेषेइतकं खात्रीचं साधन नाही. रेषेवर जी संख्या डावीकडे ती लहान, उजवीकडे ती मोठी. बस्स. ऋण संख्या आल्यावर तर दुसऱ्या कशाचा आधारच राहत नाही. पंचवटीतल्या शिकवणीतली सातवीची मुलगी वहीत −८ > −३ लिहिते.

‘‘का गं?’’

‘‘आठ मोठा ना, सर.’’

तिने अंकाचा आकार पाहिला, जागा पाहिली नाही. अशा वेळी मी तिला कॉलेज रोडवरच्या एखाद्या नव्या इमारतीची लिफ्ट आठवायला सांगतो. तळमजल्याला ०, त्याखालच्या पार्किंगला −१, त्याहून खालच्याला −२. वर कोण, −१ की −२? ती लगेच −१ म्हणते. मग −३ आणि −८ मध्ये वर कोण? इथे ती स्वतःच चिन्ह खोडते आणि −८ < −३ लिहिते. शून्यापासून लांब असणं आणि मोठं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धन संख्यांत त्या एकत्र चालतात, म्हणून मुलांना त्या एकच वाटायला लागतात.

दशांश अपूर्णांकातही फसगत अशीच होते. सिन्नरकडच्या दूध संकलन केंद्रावर एका कॅनची फॅट ३.५ लागली आणि दुसऱ्याची ३.४५, तर जास्त कुणाची? पंचेचाळीस पाचपेक्षा मोठे म्हणून पुष्कळ मुलं ३.४५ सांगतात. ३.५ च्या पुढे एक शून्य लिहा, ३.५० करा, म्हणजे तुलना सरळ होते: ३.५० > ३.४५. दशांश चिन्हानंतर दोन्हीकडे अंकांची संख्या सारखी असली की मग खुशाल नेहमीसारखी तुलना करावी.

व्यवहारी अपूर्णांकांची तुलना छेद सारखे करून होते. ३/७ आणि २/५ घ्या. छेद ३५ केला की १५/३५ आणि १४/३५ मिळतात, म्हणून ३/७ > २/५. तिरका गुणाकार म्हणून जी युक्ती शिकवतात, म्हणजे ३ × ५ आणि २ × ७ यांची तुलना, ती वेगळं काहीच करत नाही. छेद न लिहिता हेच काम उरकते. हे ‘का’ सांगितलं नाही, तर कुठल्या गुणाकाराचं उत्तर कुठल्या अपूर्णांकाचं, हे मुलं चार दिवसांत विसरतात.

आता ती आडवी रेघ. ≥ म्हणजे ‘पेक्षा मोठे किंवा समान’ आणि ≤ म्हणजे ‘पेक्षा लहान किंवा समान’. दहावीला विषयात पास व्हायला शंभरपैकी ३५ गुण लागतात. जो बरोबर ३५ वर आहे, काठावर पास, तो पासच. म्हणून अट गुण ≥ ३५ अशी लिहायची. गुण > ३५ लिहिलं तर काठावरचे सगळे नापास होतील.

‘३ ≥ ३ हे बरोबर की चूक?’ असं विचारलं की वर्गात गोंधळ उडतो. तीन हा तीनपेक्षा मोठा कसा असेल, असं मुलं म्हणतात, आणि ते रास्तच आहे. पण वाक्यात ‘किंवा’ आहे. मोठे किंवा समान, यांतलं एक जरी खरं असलं तरी वाक्य खरं ठरतं. समान आहे, तेवढं पुरे. याच्या उलट बाजूलाही लक्ष हवं. ‘सीमा रोहनपेक्षा उंच नाही’ याचा अर्थ सीमा बुटकी आहे असा होत नाही. दोघं सारखीही असू शकतात. ‘> नाही’ म्हणजे ≤. बोलताना आपण ही समान असण्याची शक्यता सर्रास विसरतो. दोन संख्यांमध्ये मोठी, लहान किंवा समान या तीनपैकी एकच गोष्ट खरी असते, आणि एक खोडली तरी दोन उरतात.

मराठीत या चिन्हांचं काम करणारे शब्द भरपूर आहेत आणि परीक्षेतल्या शाब्दिक उदाहरणांचा सगळा डाव त्यांच्यावर असतो. ‘किमान’ आणि ‘निदान’ म्हणजे ≥. ‘कमाल’, ‘जास्तीत जास्त’ आणि ‘पर्यंत’ म्हणजे ≤. ‘पेक्षा जास्त’ आणि ‘ओलांडले’ म्हणजे >. ‘पेक्षा कमी’ म्हणजे <. यातलं ‘किमान’ सगळ्यांत फसवं आहे. त्यात कमीचा वास येतो, म्हणून हात आपोआप < कडे जातो. हिवाळ्यात निफाडचं किमान तापमान ६ अंश आणि कमाल २८ अंश अशी बातमी आली, तर त्या दिवशी पारा ६ च्या खाली गेला नाही आणि २८ च्या वर चढला नाही. म्हणजे तापमानाला ‘त’ म्हटलं तर ६ ≤ त ≤ २८. हे मधोमध अक्षर ठेवून लिहिलेलं दुहेरी वाक्य मुलांना अवघड वाटतं, पण ती दोन वाक्यं एकाच ओळीत बसवलेली आहेत: त ≥ ६ आणि त ≤ २८. दोन्ही एकाच वेळी खरी हवीत.

‘आणि’चं वजन द्राक्ष बागायतदाराला कुणी सांगायला नको. समजा, माल घेणाऱ्याने अट घातली की मण्याचा व्यास किमान १८ मिलिमीटर हवा आणि साखर किमान १८ ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) हवी. दिंडोरीतला शेतकरी घडातला एक मणी तोडतो, मापाच्या रिंगेत धरून बघतो. मणी रिंगेतून खाली पडत नाही. मग तोच मणी चिरडून रसाचा थेंब ब्रिक्समीटरच्या काचेवर टाकतो, झाकण मिटतो, उजेडाकडे धरून डोळा लावतो. आत दोन रंगांची सीमा १६ च्या आकड्यावर दिसते. व्यास ≥ १८ खरं आहे, साखर ≥ १८ खोटं आहे, म्हणून माल अजून काढायचा नाही. अटीत ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ असतं तर घड आजच उतरवता आला असता. दोन असमानता (म्हणजे या चिन्हांनी लिहिलेली वाक्यं) एकत्र आल्या की आधी हा मधला शब्द शोधायचा आणि मगच आकडेमोडीला हात घालायचा.

ही चिन्हं आपल्याला अनादी काळापासून चालत आलेली वाटतात, पण ती बऱ्यापैकी नवीन आहेत. बरोबरचं चिन्ह = छापील पुस्तकात पहिल्यांदा आणलं ते वेल्समध्ये जन्मलेल्या रॉबर्ट रेकॉर्ड यांनी, १५५७ मध्ये. > आणि < ही चिन्हं थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या पुस्तकातून पुढे आली. हॅरियट १६२१ मध्ये वारले आणि पुस्तक छापलं गेलं १६३१ मध्ये. ‘किंवा समान’ची रेघ जोडलेली चिन्हं त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १७३४ मध्ये, पिएर बुगेर या फ्रेंच अभ्यासकाने वापरली. ही चिन्हं येण्याआधी गणित करणारे हे बहुतेक शब्दांतच लिहीत होते. चिन्ह हे लांबलचक वाक्याचं संक्षिप्त रूप आहे, ही गोष्ट या इतिहासातून जितकी नीट कळते तितकी मगरीतून कळत नाही.

समीकरण आणि असमानता यांत खरा फरक उत्तरात असतो. क्ष + ३ = १० चं उत्तर ७, एकच. क्ष + ३ > १० चं उत्तर म्हणजे सातच्या पुढच्या सगळ्या संख्या. ७.०१ सुद्धा आणि दहा लाख सुद्धा. संख्यारेषेवर ते दाखवताना ७ वर पोकळ गोल काढून उजवीकडे बाण मारतात. अट ≥ असती तर गोल भरीव केला असता. पोकळ म्हणजे हा बिंदू बाहेर, भरीव म्हणजे आत. काठावरच्या संख्येचा निकाल तिथे डोळ्यांना दिसतो.

रोजच्या व्यवहारात उत्तर बहुतेकदा पूर्ण संख्येत लागतं आणि तिथे जरा डोकं लावावं लागतं. मित्रांबरोबर मिसळ खायला निघालात. खिशात ५०० रुपये आहेत, जाण्या-येण्याच्या रिक्षाला १२० जाणार आणि एक मिसळ ९० रुपयांची आहे. किती प्लेटी घेता येतील? प्लेटींच्या संख्येला ‘म’ म्हणू. ९०म + १२० ≤ ५००. दोन्हीकडून १२० वजा केले: ९०म ≤ ३८०. ९० ने भागलं: म ≤ ४.२२. म्हणजे जास्तीत जास्त चार प्लेटी. आता दुसरा हिशेब. ४३ मुलांना पांडवलेणी बघायला न्यायचंय आणि एका क्रूझरमध्ये ९ मुलं बसतात. ९ग ≥ ४३, म्हणून ग ≥ ४.७७, आणि गाड्या लागतील पाच. पहिल्या हिशेबात खाली आलो, दुसऱ्यात वर गेलो. ‘पॉइंटनंतर पाच किंवा जास्त असेल तर वर घ्यायचं’ हा नियम इथे लावायचा नसतो. ४.२२ च्या जागी ४.९ आलं असतं तरी मिसळ चारच प्लेटी मिळाली असती, आणि ४.७७ च्या जागी ४.१ आलं असतं तरी गाड्या पाचच लागल्या असत्या. वर जायचं की खाली, ते चिन्हच सांगतं.

वर दोन्हीकडून १२० वजा केले तेव्हा चिन्ह तसंच राहिलं. दोन्ही बाजूंना सारखीच संख्या मिळवली किंवा वजा केली, की रेषेवर दोघंही तितकीच सरकतात आणि डावं-उजवं बदलत नाही. धन संख्येने गुणलं-भागलं तरी क्रम तोच राहतो. ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं मात्र की चिन्ह उलटतं. हा नियम मुलं पाठ करतात आणि ऐन वेळी विसरतात, कारण त्यामागचं कारण त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. ३ < ५ घ्या आणि दोघांना −१ ने गुणा. तीन शून्याच्या पलीकडे −३ वर गेला, पाच −५ वर गेला. जो शून्यापासून उजवीकडे जास्त लांब होता, तोच डावीकडे जास्त लांब जाऊन पडला. म्हणून −३ > −५. रेषाच शून्याभोवती फिरली, तर चिन्ह कसं फिरणार नाही?

ज्याला हे पटत नाही त्याला मी चिन्ह न उलटवता उत्तर काढून दाखवतो. −२क्ष > ६ सोडवायचंय. दोन्हीकडे २क्ष मिळवा: ० > ६ + २क्ष. दोन्हीकडून ६ वजा करा: −६ > २क्ष. दोनने भागा: −३ > क्ष. आता हेच क्षच्या बाजूने वाचा: क्ष < −३. नियम कुठेही वापरला नाही, निव्वळ बेरीज-वजाबाकी केली आणि धन संख्येने भागलं, तरी चिन्ह उलटलेलंच मिळालं. म्हणूनच क्षची किंमत धन आहे की ऋण हे माहीत नसताना दोन्ही बाजूंना क्षने गुणणं धोक्याचं असतं. चिन्ह ठेवायचं की उलटवायचं, हे तिथे ठरवताच येत नाही.

शेवटी पाण्याचा हिशेब, कारण नाशिकच्या सोसायट्यांमध्ये उन्हाळ्यात तो करावाच लागतो. टाकीत १०,००० लिटर पाणी आहे, तासाला ४०० लिटर खर्च होतं आणि तळाशी निदान २,००० लिटर राखून ठेवायचं ठरलंय. नवीन पाणी आलं नाही तर किती तास काढता येतील? इथे ‘त’ म्हणजे तास. १०,००० − ४००त ≥ २,०००. दोन्हीकडून १०,००० वजा केले: −४००त ≥ −८,०००. आता −४०० ने भागायचं. चिन्ह उलटवलं तर उत्तर येतं त ≤ २०, म्हणजे वीस तास किंवा कमी. उलटवायला विसरलो तर येतं त ≥ २०, म्हणजे जितका जास्त वेळ वापरू तितकं पाणी उरेल, असा अर्थ निघतो. शंका आली की उत्तरात बसणारी एक आणि न बसणारी एक अशा दोन संख्या मूळ वाक्यात घालून पाहाव्यात. त = १० घातलं तर टाकीत ६,००० लिटर उरतं आणि अट पाळली जाते. त = २२ घातलं तर १,२०० लिटर उरतं आणि अट मोडते. त = २० ला बरोबर २,००० उरतं, आणि ठरवताना ‘निदान’ म्हटलं होतं, म्हणून विसावा तासही चालतो.